खुर्ची कधी सोडायची, हे कुणी ठरवायचं?



तुमच्या घरात कुणी बाइकवेडं आहे का? असेल तर रविवारची पहाट कशी असते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आमच्याकडे पावणेपाचला बुलेट सुरू होते, आईची झोप मोडते, आणि "निदान कोपऱ्यापर्यंत ढकलत न्या हो!" असं ती पांघरुणातूनच ओरडते. बाबा काही ढकलत नेत नाहीत.

आम्ही लखनऊला राहतो, चारबागजवळ. बाबांची रेल्वेत नोकरी. साताऱ्याहून बदली होऊन आलो तेव्हा मी चौथीत होते. घरातलं सामान ट्रकने आलं, पण बुलेट मात्र रेल्वेच्या पार्सल डब्यातून आली. टाकीतलं पेट्रोल काढून, गोणपाटात गुंडाळून. चारबागच्या पार्सल ऑफिसबाहेर ती सोडवताना बाबांचा चेहरा असा होता, जणू सासरहून लेक माहेरी आली आहे. (माझं लग्न होईल तेव्हा इतकं कौतुक होईल की नाही, शंका आहे.)

तर बाबांचा एक रायडिंग ग्रुप आहे. नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणी रुसायला नको. साठेक माणसं आहेत. डॉक्टर आहेत, कपड्याचे दुकानदार आहेत, कॉलेजातली मुलं आहेत, सात बायकाही आहेत. रविवारी पहाटे पाचला चारबाग स्टेशनच्या त्या लाल-पांढऱ्या घुमटांसमोर जमायचं, चहा आणि बन-मख्खन खायचं, मग सीतापूर रोडने किंवा बाराबंकीच्या दिशेने निघायचं. पुढे लीड रायडर, सगळ्यात मागे स्वीप, म्हणजे कुणी पंक्चर झालं किंवा मागे पडलं तर त्याला घेऊन येणारा. 2023 च्या सप्टेंबरमध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली मोटोजीपी शर्यत झाली, तेव्हा यातले पंधरा जण एक्सप्रेसवेने तिकडे गेले होते. बाबा आल्यावर आठवडाभर बेझेकीबद्दल बोलत होते. शर्यत त्याने जिंकली होती, पण ऐकताना वाटायचं, बाबांनीच जिंकली.

या ग्रुपचे अध्यक्ष म्हणजे भाईसाहब. वय सत्तरीच्या जवळ. ग्रुप त्यांनीच सुरू केला, दहाएक वर्षांपूर्वी. कुठल्या गावात कोणता मेकॅनिक रात्री उठून शटर उघडेल हे त्यांना पाठ. कुणाच्या घरी लग्न असो की मयत, भाईसाहब पहिले हजर. निवडणूक वगैरे कधी झालीच नाही. कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

आणि मग गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत ते झालं.

कॉलेजात शिकणारा एक मुलगा रात्री परतताना खडीवरून घसरला. मांडीचं हाड मोडलं. हॉस्पिटलने ऑपरेशनसाठी आगाऊ रक्कम मागितली. मुलाचे आई-वडील गावी, पोहोचायला सकाळ होणार. आता ग्रुपमध्ये दर महिन्याला प्रत्येकी दोनशे रुपये जमा होत होते, ते अशाच प्रसंगासाठी. पैसे होते, चांगले भरपूर होते. पण खातं एकट्या भाईसाहबांच्या नावावर, आणि भाईसाहब त्या रात्री विमानात. मुलीकडे परदेशी चालले होते. फोन बंद.

रात्री साडेअकरापासून बाबा आणि आणखी दोघं हॉस्पिटलच्या जिन्यात बसून एकेकाला फोन करत होते. कुणी दोन हजार पाठवले, कुणी पाचशे. आईने किराण्याचे म्हणून वेगळे ठेवलेले पैसे माझ्या फोनवरून पाठवले. एक वाजता रक्कम पुरी झाली. मुलगा आता बरा आहे, थोडा लंगडतो.

भाईसाहब उतरल्यावर त्यांना कळलं. परत आल्यावर त्यांनी वही आणून सगळ्यांसमोर ठेवली. पहिल्या दिवसापासूनचा पैन् पैचा हिशोब, सुवाच्य अक्षरात. एका रुपयाचाही घोळ नाही.

वाचकहो, खरी पंचाईत इथेच झाली. माणूस लबाड असता तर सोपं होतं, हाकलून दिलं असतं. पण प्रामाणिक माणसाला "आता बाजूला व्हा" कसं म्हणायचं? बाबांनी त्या मीटिंगमध्ये फक्त एवढंच म्हटलं, "भाईसाहब, आप पर शक नहीं है, पर उस रात पैसा होते हुए भी हमारे पास नहीं था." भाईसाहबांनी वही मिटली, काखेत मारली आणि निघून गेले. चहासुद्धा अर्धा राहिला.

याच सुमारास मला कामासाठी क्रीडा संघटनांच्या नव्या कायद्यावर लिहायचं होतं. बीए इंग्लिश केलेल्या मुलीला कायद्याचं काय कळणार, असं माझंच मत होतं. पण वाचायला बसले आणि पानोपानी मला भाईसाहबच दिसायला लागले.

आपल्या देशात मोटरसायकल आणि कार शर्यतींची राष्ट्रीय संघटना म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजेच एफएमएससीआय. 1971 साली स्थापन झालेली, कार्यालय चेन्नईत. नावातच आहे, ही क्लबांची संघटना आहे. तुम्ही-आम्ही रविवारी फिरायला जाणारे तिच्या कक्षेत येत नाही. पण तुमच्या मुलीला उद्या शर्यतीत उतरायचं असेल तर स्पर्धेचं लायसन्स तिथूनच घ्यावं लागतं, आणि आंतरराष्ट्रीय मोटरसायकल संघटनेत, म्हणजे एफआयएममध्ये, भारताच्या वतीने बोलते तीही हीच. बेंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्सेने 2019 मध्ये एफआयएमच्या बाहा वर्ल्ड कपमध्ये महिला गटाचं जागतिक विजेतेपद मिळवलं. केरळच्या हरिथ नोआने 2024 च्या डकार रॅलीत रॅली-2 गट जिंकला. वाळवंटात हे दोघं एकटेच असतात, पण तिथवर पोहोचायला जी कागदं लागतात ती कुठल्या तरी टेबलावरून जातात. त्या टेबलामागे कोण बसतं, किती वर्षं बसतं आणि त्याला तिथे कुणी बसवलं, हे प्रश्न म्हणून फक्त ऑफिसातल्यांचे राहत नाहीत.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. ज्या राष्ट्रीय संघटनेला सरकारी मान्यता हवी तिने काय पाळायचं, ते त्यात आहे. कार्यकारिणीत जास्तीत जास्त 15 माणसं. त्यात किमान 4 महिला आणि किमान 2 नामवंत खेळाडू. अध्यक्ष, सरचिटणीस आणि खजिनदार यांना सलग तीन मुदती, म्हणजे जास्तीत जास्त 12 वर्षं, त्यानंतर सक्तीची विश्रांती. संघटनेने निवडणूकच घेतली नाही किंवा हिशोबात गोंधळ केला, तर राष्ट्रीय क्रीडा मंडळ मान्यता काढून घेऊ शकतं. भांडणं सोडवायला वेगळं न्यायाधिकरण, आणि निवडणुकांवर देखरेखीसाठी वेगळं पॅनेल.

खरं तर हे सगळं नवं नाही. 2011 च्या क्रीडा संहितेतही मुदतीची आणि सत्तर वर्षांच्या वयाची अट होतीच. पण ती संहिता होती, कायदा नव्हता. पाळली तर पाळली. बाकीचं काम कोर्टाने करायचं, आणि कोर्टात तारखा पडत राहतात.

याचा फटका कुणाला बसतो, ते सांगते. फुटबॉलचं उदाहरण घ्या. आपल्या गोंदियाचे प्रफुल्ल पटेल 2009 पासून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते. डिसेंबर 2020 मध्ये त्यांची मुदत संपली. महासंघाच्या घटनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला होता, म्हणून निवडणूक झाली नाही आणि तीच समिती पुढे चालू राहिली. मे 2022 मध्ये न्यायालयाने समिती बाजूला करून तिघा प्रशासकांच्या हाती कारभार दिला. फिफाचं म्हणणं, संघटनेत बाहेरच्यांचा हस्तक्षेप चालणार नाही. ऑगस्टच्या मध्यावर फिफाने भारताला निलंबित केलं.

आता यात खेळणाऱ्यांचा काय दोष? गोकुलम केरळ संघाच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला उतरल्या आणि तिथे त्यांना ही बातमी कळली. एकही सामना न खेळता परत यावं लागलं. त्याच ऑक्टोबरमध्ये भारतात सतरा वर्षांखालच्या मुलींचा वर्ल्ड कप होणार होता. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई इथे सामने ठरले होते, तेही हातचे जातात की काय असं झालं. अकरा दिवसांनी निलंबन उठलं, म्हणून नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर अंतिम सामना होऊ शकला. सप्टेंबरमध्ये निवडणूक झाली आणि कल्याण चौबे अध्यक्ष झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले माजी खेळाडू.

ताश्कंदच्या त्या मुलींबद्दल वाचताना मला हॉस्पिटलचा तो जिना आठवत होता. कुठे आंतरराष्ट्रीय स्पर्धा आणि कुठे आमचा बन-मख्खनवाला ग्रुप! पण खुर्चीचा नियम आधी ठरलेला नसला की ऐन वेळी अडकते ती तरुण पोरंच.

बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "हे काय नवीन? आपल्याच लखनऊचं बघ ना."

मग त्यांनी मला टिळकांची गोष्ट सांगितली. 1907 मध्ये सुरतेला काँग्रेसचं अधिवेशन उधळलं. अध्यक्ष कोण, यावरून जहाल आणि मवाळ यांचं इतकं वाजलं की मंडपात पादत्राणं आणि खुर्च्या उडाल्या. राष्ट्रीय सभा फुटली ती नऊ वर्षं. आणि पुन्हा एकत्र आली ती इथे, लखनऊला, 1916 च्या डिसेंबरात. लोकमान्य आले तेव्हा इथल्या तरुणांनी त्यांची गाडी स्वतः ओढली होती. त्याच अधिवेशनाच्या वेळी गांधीजी आणि नेहरू पहिल्यांदा भेटले, आमच्या चारबागला. शाळेत असताना स्टेशनवर मी शंभरदा गेले असेन, पण तो माणूस आणि ती खुर्चीची भांडणं डोक्यात कधी एकत्र आली नव्हती. बाबांचं म्हणणं असं की संघटना फुटायला एक दुपार पुरते, जोडायला नऊ वर्षं लागतात. ते भाईसाहबांबद्दल बोलत होते हे मला नंतर कळलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

बायकांचा मुद्दा राहिलाच की. आमच्या ग्रुपमध्ये एक शाळेत शिकवणाऱ्या मॅडम आहेत, स्वतः साडेतीनशे सीसी चालवतात. नियम बनवायची मीटिंग बसली तेव्हा त्यांनी विचारलं, "फोटो में हमें सबसे आगे खड़ा करते हैं, कमेटी में क्यों नहीं?" सगळे एकदम चहात बघायला लागले.

मला गिरगाव आठवलं. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी, नथ आणि फेटा घालून बुलेटवर निघालेल्या बायकांचे फोटो तुम्ही दर वर्षी फॉरवर्ड करताच ना? मीही करते. त्यातल्या किती जणी कुठल्या मोटरसायकल संघटनेच्या टेबलावर बसतात, हे मी कधी विचारलं नव्हतं. नव्या कायद्यात पंधरात किमान चार म्हटलंय. निम्म्याच्या जवळपासही नाही. पण "किमान" हा शब्द आहे, वर जायला कुणी अडवलेलं नाही.

टेबलाचं सोडा, आधी सदस्य म्हणून तरी घेतात का, हाही एक प्रश्न असतो. अमेरिकेत मोटरसायकलस्वारांची मोठी राष्ट्रीय संघटना आहे, अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशन, 1924 पासूनची. पहिली कित्येक वर्षं तिथे कृष्णवर्णीयांना सदस्यत्वच नव्हतं. त्याच काळात बेसी स्ट्रिंगफील्ड नावाची एक कृष्णवर्णीय बाई एकटी मोटरसायकलवर देश पालथा घालत होती. त्याच संघटनेने 2002 मध्ये तिचं नाव आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. तेव्हा तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

नव्या कायद्यातलं सगळंच मला पटलं असं नाही. सत्तरची मर्यादा काही परिस्थितीत पंचाहत्तरपर्यंत सैल केली आहे, आंतरराष्ट्रीय संघटनेचे नियम परवानगी देत असतील तर. म्हणजे दार बंद केलं, पण खिडकी उघडी ठेवली. दुसरं म्हणजे माहितीचा अधिकार. जी संघटना सरकारी पैसा घेते तिलाच तो लागू, बाकीच्यांना नाही. क्रिकेट मंडळ त्यातून सुटलं, हे तुम्हाला कळलंच असेल. आणि ज्या राष्ट्रीय क्रीडा मंडळाच्या हातात मान्यता द्यायची किंवा काढायची ताकद, त्याचे सदस्य नेमणार केंद्र सरकार. उद्या सरकारला न आवडणाऱ्या संघटनेचं काय? फिफाने 2022 मध्ये जो आक्षेप घेतला तो याच जातीचा होता. याचं उत्तर कायद्याच्या कलमांत मला सापडलं नाही, ते पुढची काही वर्षंच देतील.

पण एक गोष्ट मला मनापासून आवडली. या नियमांत कुणी चांगला आहे की वाईट हे विचारतच नाहीत. बारा वर्षं झाली, उठा. तुमचा अपमान नाही, तुमच्यावर शंका नाही, घड्याळ झालं एवढंच. भाईसाहबांना उठवताना आम्हाला जी लाज वाटली, ती अशा घड्याळामुळे वाटली नसती. आणि त्यांनाही ते इतकं लागलं नसतं. त्यांच्या जागी मी असते तर मलाही लागलं असतंच की, दहा वर्षं मेकॅनिकांचे नंबर गोळा करायचे आणि एका रात्रीवरून सगळ्यांनी तुमच्याकडे असं बघायचं.

शेवटी आमच्या ग्रुपने काय केलं? बाबा, मॅडम आणि तो लंगडणारा मुलगा, अशा तिघांनी मिळून एक पान लिहिलं. अध्यक्षाला दोन वर्षं, फार तर दोनदा. खातं तिघांच्या नावावर, कुठल्याही दोघांच्या सहीने पैसे निघतील. दर महिन्याच्या पाच तारखेला हिशोबाचा फोटो ग्रुपवर. कमिटीत सात जण, त्यात किमान दोन बायका. मुलाने आणखी एक ओळ घालायला लावली, स्वीपचं काम प्रत्येकाने पाळीपाळीने करायचं, अध्यक्षानेसुद्धा. मी म्हटलं, ही ओळ दिल्लीच्या कायद्यातही नाही.

हे पान ग्रुपवर टाकलं त्या रात्री भाईसाहबांचे दोन निळे टिक दिसले, उत्तर नाही. एक महिना गेला. दुसऱ्या महिन्यात त्यांनी बँकेत जाऊन जमा असलेली सगळी रक्कम नव्या खात्यात टाकली आणि पावतीचा फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं. बाबांनी तो फोटो कितीदा उघडून पाहिला, ते मी मोजलं नाही. त्यानंतर आणखी एक फाइल आली, चाळीस-एक मेकॅनिकांची नावं, गावं आणि नंबर. कोण रात्री उठतो आणि कोण नाही, तेही कंसात लिहिलेलं.

येत्या रविवारी ग्रुपची पहिली निवडणूक आहे, चारबागलाच, राइड सुटायच्या आधी. अध्यक्षपदाला दोन नावं आहेत, त्यातलं एक मॅडमचं. खजिनदाराला बाबा उभे आहेत. आईचं म्हणणं, आधी घरच्या दुधाचा हिशोब दाखवा, मग बाकीचं बोला.

भाईसाहबांनी काल बाबांना मेसेज केला, मत द्यायला येतो, पण चहा पूर्ण प्यायला लागेल इतका वेळ ठेवा.